केसभर सरकलेली फिल्म

बाळांनो, जरा माझ्याबरोबर एक चाळ उभी करा. मनातल्या मनात करायची आहे, म्हणजे विटा-सिमेंट काही लागणार नाही. चाळ दोनच मजल्यांची. दोन्ही मजल्यांना लांबच लांब गॅलरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गॅलरीत पोरं धावतायत, कोणी बादली घेऊन चाललंय, कोणी उगीचच येरझाऱ्या घालतंय. कोणाला कोणी अडवत नाही. झाली उभी? आता या चाळीचा जिना काढून टाका. गॅलरीत हवं तेवढं धावा, पण खालच्याला वर जाता येणार नाही आणि वरच्याला खाली येता येणार नाही.

आता जरा अवघड काम. ही चाळ लहान करायची. आधी काडेपेटीएवढी करा, मग तांदळाच्या दाण्याएवढी. अजून लहान करा, डोळ्यांना दिसेनाशी होईपर्यंत, आणि नंतरही करत राहा. चाळ धातूची आहे आणि गॅलरीत धावणारी पोरं म्हणजे विजेचे कण आहेत.

अशी चाळ खरोखर असते. घोडपदेवच्या एका साध्या, जिना असलेल्या चाळीत, नलूमावशीच्या दारात बसून अक्षदाने आपल्या भाचीला ती सांगितली. रविवारची दुपार होती. मध्ये सुपात मटार होता आणि तिघी मिळून तो सोलत होत्या. अक्षदा मुंबईच्या पार दक्षिण टोकाला, समुद्राजवळच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. भाचीचं नाव मनवा, सहावीत शिकते. आणि नलूमावशी ही दोघींची कोणीच नाही, शेजारीण. पण मनवाचे आई-बाबा दोघं नोकरीला जातात, त्यामुळे शाळा सुटली की मनवा नलूमावशीकडे जेवते, तिथेच अभ्यास करते आणि तिथेच भांडते.

“कुठलाही धातू घे,” अक्षदा म्हणाली. “त्याच्यात विजेचे कण मोकाट फिरत असतात. म्हणून तर वायर तांब्याची करतात. पण ते मोकाट असल्यामुळेच धातूला एक बाजू अधिक आणि एक बाजू उणे, अशी करून ठेवता येत नाही. तू बाहेरून कितीही जोर लाव, आतले कण धावत येतात आणि सगळं झाकून टाकतात.”

“भांडण झालं की आई दार लावून घेते, तसं,” मनवा म्हणाली.

“तसंच समज. पण थर इतका पातळ केला की दोनच मजले उरले, तर? आडवं धावायला गॅलरी आहे. वर-खाली धावायला जागाच नाही. मग झाकणार कसं? म्हणजे तो धातू तर राहतोच, त्यातून वीज वाहतेच, आणि वर त्याला एक अधिक बाजू आणि एक उणे बाजूही राहते. आणि आपल्याला हवी तेव्हा ती उलटी करता येते.”

“उलटी म्हणजे? चाळ पालथी घालायची?”

“चाळ कशाला पालथी घालायची. वरचा मजला जरासा सरकवायचा. बस. इकडे सरकला तर वरची बाजू अधिक, तिकडे सरकला तर खालची.”

नलूमावशीचा मटार सोलणारा हात थांबला. इतका वेळ ती ऐकतेय असं कोणाला वाटलंही नव्हतं.

“किती सरकवायचा?” तिने विचारलं.

“फार थोडा गं मावशी. एका केसाच्या जाडीचे दहा लाख भाग केलेस, तर त्यातल्या जेमतेम एका भागाइतका.”

“बापरे. आमचं आपलं एका केसावर भागायचं.” नलूमावशीने शेंगेतले दाणे सुपात टाकले. “आणि इतके पातळ थर काढता कसे तुम्ही? मोठं मशीन असेल.”

“चिकटपट्टीने काढतो.”

“थट्टा करतेस म्हातारीची?”

“खरंच. त्या धातूच्या खड्याला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. तिच्यावर पातळ पापुद्रे येतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते एकावर एक बसवायचे. माझा अर्धा जन्म त्यातच चाललाय.”

हे ऐकून नलूमावशी जी हसायला लागली, ती शेजारच्या जाईबाई आपल्या दारातून डोकावल्या तरी थांबेना.

“काय गो नलू, काय झाला?” जाईबाईंनी विचारलं.

“काही नाही गं. ही एवढी शिकली, परदेशात जाऊन भाषणं देऊन आली, आणि शेवटी काम काय करते? माझंच.”

ती जे म्हणाली त्यात फारशी चूक नव्हती. नलूमावशीने चौतीस वर्षं गिरगावात, एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या प्रोसेस स्टुडिओत पेस्टिंगचं काम केलं होतं. रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार फिल्म निघायच्या. एक पिवळ्या रंगाची, एक तांबड्या, एक निळ्या आणि एक काळ्या. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल असायचं. त्या काचेवर फिल्म ठेवून, डोळ्याला भिंग लावून, प्रत्येकीच्या कोपऱ्यातलं बारीक फुलीचं निशाण दुसरीच्या निशाणावर आणायचं. क्रॉसवर क्रॉस. मग चारही कोपऱ्यांना लाल टेप लावायची. केसभर जरी चुकलं, तरी छापून आलेल्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला चार डोळे दिसायचे. स्टुडिओचे मालक वसंतराव कधी ओरडायचे नाहीत. चुकलेला छाप फक्त समोर धरायचे आणि म्हणायचे, “नलूताई, देवीला दोन डोळे पुरतात.”

नलूताईंच्या टेबलावरून गेलेल्या लक्ष्मीला कधी चार डोळे आले नाहीत, असं नाही. सुरुवातीला आले. नंतर नाही आले. स्टुडिओत एक पक्का नियम होता. दारातून बाहेर जाणारं काम बिनटेपचं जायचं नाही. पोऱ्या सायकलवर फिल्म घेऊन छापखान्यात जायचा, वाटेत खड्डे असायचे, म्हणून निघण्याआधी क्रॉस जुळवायचा, चार टेपा लावायच्या, आणि मगच पाकिटात घालायचं. हा नियम हाताला इतका बसला होता की दिवाळीत कोणाकडे फराळाचा डबा पाठवायचा तरी नलूमावशी झाकण चारही बाजूंनी दाबून बघायची.

मग कॉम्प्युटर आले. फिल्म बंद झाल्या, काचेचं टेबल भंगारात गेलं. वसंतरावांनी सगळ्यांना जेवायला घातलं आणि कुलूप लावलं. त्यालाही आता वीस वर्षं होत आली. त्या जागी चष्म्यांचं दुकान आहे. नलूमावशी एकदा तिथे चष्मा करायला गेली होती. डोळे तपासणारी मुलगी म्हणाली, “आजी, नजर खूप ताणलेली आहे तुमची. काय करायचात?” आणि नलूमावशीने नुसतंच जमिनीकडे बोट दाखवलं. इथेच करायचे, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण ती पोर खाली काय पडलं ते बघायला लागली.

असो. गोष्ट मनवाची आहे.

मनवाच्या शाळेत, परळला, शनिवारी विज्ञान प्रदर्शन होतं. सहावीच्या वाट्याला एकच टेबल उरलं होतं. मनवाने सोमवारी जाऊन विज्ञानाच्या दर्शना बाईंना सांगितलं की मी वीज वाहणारा धातू दाखवणार, ज्याला अधिक आणि उणे बाजू असते, आणि ती बदलताही येते. बाईंनी शांतपणे पुस्तक उघडलं आणि त्यातली ओळ दाखवली. धातूच्या आत असं होत नाही.

“माझी आत्या हेच काम करते, बाई.”

“आत्या करत असेल. प्रदर्शनाला येणाऱ्यांना तू समजावणार आहेस, आत्या नाही. असं कर. शनिवारी सकाळी नऊ वाजता आधी मला दाखव. मला पटलं तर टेबल तुझं. नाही पटलं तर आकांक्षाची पवनचक्की तयार आहे.”

मनवा घरी आली ती नाक फुगवून. नलूमावशीने तिला पोळी-भाजी वाढली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण दाखवणार कशी? तुझी चाळ तर डोळ्याला दिसत नाही.”

“म्हणून तर मोठी करून दाखवायची. दोन थर हवेत. वरचा सरकला पाहिजे आणि सरकला की काहीतरी बदललं पाहिजे.”

नलूमावशी उठली. कपाटामागे भिंतीला लावून ठेवलेलं एक मोठं खाकी पाकीट तिने काढलं. स्टुडिओ बंद झाला त्या दिवशी आणलेलं. त्यातल्या बऱ्याचशा फिल्म पिवळ्या पडून चिकटल्या होत्या. एक मात्र धड होती. साडीच्या एका दुकानाच्या कॅलेंडरला मागे पट्टे हवे होते, त्याची. वहीएवढी फिल्म आणि तिच्यावर नुसत्या रेघा. एक काळी, एक पारदर्शक, पुन्हा एक काळी. तिने ती मनवाच्या लाल-निळ्या रेघांच्या चादरीवर ठेवली आणि हलवली. चादर डोळ्यांसमोर लुकलुकली.

मनवा पोळीचा घास हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, मला कागदावर तेवढ्याच रुंदीच्या रेघा मारायला शिकव.”

तीन दिवस त्या दोघी रेघा मारत होत्या. एक लाल, एक निळी, एक लाल, एक निळी. दोनदा कागद फुकट गेला. एकदा नलूमावशीची पट्टी हलली आणि मनवा म्हणाली, “तुझाच हात हलतोय, आणि मला बोलतेस.” गुरुवारी संध्याकाळी ते तयार झालं. पुठ्ठ्यावर रंगीत रेघांचा कागद. कागदाच्या कडेने पोळ्यांच्या डब्यातली चंदेरी फॉइल, तिच्यातून वीज जाऊन लागणारा एक इवलासा बल्ब. वर काळ्या रेघांची फिल्म, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये मोकळी, आणि ती सरकवायला कागदाची एक जीभ. जीभ जिऱ्याच्या जाडीइतकी उजवीकडे नेली की काळ्या रेघांखाली सगळा निळा दडायचा आणि पान लालभडक दिसायचं. डावीकडे नेली की लाल दडायचा आणि पान निळं. आणि बल्ब दोन्ही वेळेला लागलेलाच.

“लाल म्हणजे अधिक वरती, निळं म्हणजे अधिक खालती,” मनवाने जाईबाईंना समजावलं. “आणि बल्ब लागलाय, म्हणजे हा धातूच आहे, वीज चालूच आहे.”

“माका काय समजला नाय,” जाईबाई म्हणाल्या, “पण परत एकदा सरकव.”

कागदाच्या कोपऱ्यांवर मनवाने नलूमावशीकडून शिकून क्रॉसची निशाणंही काढली होती. मधली जागा कुठली ते कळावं म्हणून. फिल्मवर तर ती होतीच.

शुक्रवारी मनवाकडे पाहुणे आले. त्यांच्यात तीन वर्षांचा एक मुलगा होता, हात लावल्याशिवाय न राहणारा. म्हणून मनवाने मॉडेल नलूमावशीकडे आणून ठेवलं आणि ती घरी पळाली. दिवेलागणीची वेळ होती. नलूमावशीने ट्यूब लावली, चहाचा कप घेऊन बसली, आणि समोर टेबलावर ते होतं. वहीएवढी फिल्म, तिच्याखाली रंग, आणि कोपऱ्यात दोन फुल्या, एकीच्या बाजूला एक. जुळलेल्या नव्हत्या.

तिने चहा खाली ठेवला. भिंग कुठे आहे ते तिला शोधावं लागलं नाही.

हे सगळं तिने विचार करून केलं असं नाही. डोळ्याला भिंग लावलं आणि गिरगावची ती गल्ली आत आली. काचेखालचा दिवा, टेबलाच्या कडेचा गरमपणा, मागे रघुमामाचा खोकला. रघुमामा म्हणजे स्टुडिओतला सगळ्यात जुना माणूस, ज्याने एकोणीस वर्षांच्या नलूला फिल्म धरायला शिकवलं होतं. बोटाने नाही धरायची, श्वास रोखून धरायची. नलूमावशीने श्वास रोखला. फिल्म जराशी ढकलली. एक क्रॉस जुळला. दुसरा. तिरपी होती, सरळ केली. चारही क्रॉस एकावर एक असे बसले की दोन रेघांची एक रेघ झाली. उद्या बसने जायचं आहे. लालबागच्या पुलाखाली रस्ता खणलेला आहे. तिने खणातून लाल टेपचं जुनं रीळ काढलं, नखाने टोक सोडवलं आणि चारही कोपऱ्यांना टेप लावली. मग अंगठ्याने दाबून दाबून बसवली.

वीस वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. चहा निवला होता, तो तिने तसाच प्यायला. मॉडेलला दोन जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि झोपताना देवाला सांगितलं की उद्याचा दिवस पोरीचा जाऊ दे.

सकाळी दोघी बसने परळला गेल्या. मनवाच्या आईबाबांची सुट्टी नव्हती आणि अक्षदाची प्रयोगशाळेत मशीनवर पाळी होती, त्यामुळे सोबत नलूमावशीच. तिने चांगली साडी नेसली होती. लालबागला बस चांगलीच आदळली. नलूमावशीने मांडीवरच्या पुडक्यावर हात ठेवला आणि मनात म्हणाली, हलणार नाही.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडून झाली होती. दर्शना बाई हातात यादी घेऊन उभ्या होत्या. खिडकीपाशी आकांक्षा पवनचक्की घेऊन बसली होती आणि तिचं सगळं लक्ष इकडेच होतं. मनवाने सुतळी सोडली, वर्तमानपत्र काढलं, सेलच्या तारा जोडल्या. बल्ब लागला.

“वीज चालू आहे,” मनवा म्हणाली. “म्हणजे हा धातू. आता बघा हं बाई, मी वरचा थर सरकवते.”

तिने जीभ धरून ओढली. फिल्म मध्ये फुगली आणि परत बसली. तिने पुन्हा ओढली. पान लालही झालं नाही, निळंही झालं नाही. नुसतं जांभळट, गढूळ. पाटी धुतलेल्या पाण्यासारखं.

मग मनवाला कोपऱ्यातली लाल टेप दिसली. तिने चारही कोपरे बघितले आणि मान वर केली.

“मावशी, टेप तू लावलीस?”

“लावली.”

“का?”

नलूमावशीच्या तोंडून आलं, “बाहेर जाणारं काम होतं.” आणि ते वाक्य बाहेर पडल्यावर तिला कळलं की आपण काय करून बसलोय. जो थर सरकायला हवा होता, जो सरकल्याशिवाय त्या चाळीत काही घडणारच नव्हतं, तो तिने जगात कोणी बसवणार नाही इतका नेमका बसवला होता.

मनवाने एका कोपऱ्याची टेप नखात धरली आणि झटकन वर ओढली. कापड फाटावं तसा आवाज झाला. टेपबरोबर फिल्मवरचा काळा थर निघून आला. अंगठ्याएवढ्या जागेतल्या रेघा गेल्या. दुसरी फिल्म नव्हती. घरी नव्हती आणि आता कुठल्या दुकानातही नव्हती.

“मनवा,” दर्शना बाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं. “कल्पना छान होती. पुढच्या वर्षी—”

“बाई,” नलूमावशी पुढे झाली. “चूक तिची नाहीये, माझी आहे. काल संध्याकाळपर्यंत हे चालत होतं. दहा मिनिटं द्या.”

“तुम्ही तिच्या आजी का?”

“शेजारी.”

बाईंनी घड्याळ बघितलं. “साडेनऊला पाहुणे येतील. नऊ पंचवीसपर्यंत बघा काय होतं ते.” आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

नलूमावशीने टेबलावर दोन्ही हात टेकले. मग टेपचं टोक धरायला नख नेलं, ते दोनदा घसरलं. काल याच नखाने टोक लगेच सुटलं होतं. तिने हात मागे घेतले.

“मने, मला जमणार नाही. तुला करावं लागेल.”

“मला नाही करायचं.” मनवाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पडू नये म्हणून ती छताकडे बघत होती. “परत फाटेल. तुला मी सांगितलं होतं ना की सरकतं. तू बघितलं होतंस. सरकवून पण बघितलं होतंस.”

“बघितलं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. हाताने आपोआप केलं. मला रागाव, पण नंतर रागाव. आता टेपकडे बघ. तू टेप उचललीस, म्हणून तिने रेघा उचलल्या. टेप उचलायची नाही. तिला परत पाठवायची.”

हे रघुमामाचं वाक्य होतं. एकोणीस वर्षांच्या नलूने पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीची फिल्म अशीच ओरबाडली होती आणि ती संडासात जाऊन रडली होती. रघुमामा बाहेर उभा राहून खोकत राहिला. बाहेर आल्यावर तो रागावला नाही. एक फुकट गेलेली फिल्म आणि टेपचा तुकडा घेऊन बसला आणि दुपारभर तिला टेप काढायला लावली.

“टोक मोकळं कर,” नलूमावशी म्हणाली. “नखाने. हां. आता टेप वर नाही न्यायची. तिच्याच पाठीवर तिला झोपव. मागे. अजून मागे. फिल्मला चिकटून मागे ने, जशी चटई गुंडाळतात.”

“हलतच नाहीये.”

“हलतेय. तुला दिसत नाहीये एवढंच. तोंडाची वाफ दे जराशी. आणि आता श्वास रोख.”

मनवाने श्वास रोखला. टेपचं टोक केसाकेसाने मागे जायला लागलं. पहिला कोपरा सुटला तेव्हा खालच्या रेघा जशाच्या तशा होत्या. मनवाने श्वास सोडला, आणि नलूमावशीनेही, कारण तीसुद्धा रोखून बसली होती. दुसऱ्या कोपऱ्याला वेळ कमी लागला. तिसऱ्याला मनवाने काही विचारलंच नाही.

बाई परत आल्या तेव्हा नऊ पंचवीस होऊन गेले होते. मनवाने जीभ ओढली. पान लाल झालं. इकडून ढकललं, निळं झालं. बल्ब जळत होता. फाटलेल्या कोपऱ्यात मात्र लाल-निळ्या रेघा तशाच उघड्या राहिल्या होत्या, आणि त्या कशानेही बदलत नव्हत्या.

बाईंनी स्वतः दोन-तीनदा सरकवून बघितलं. “आणि मघाशी होतं ते काय? जांभळट?”

मनवाने फिल्मकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या फुल्यांकडे. ती विचार करत होती आणि नलूमावशीला ते दिसत होतं, जसं कोणाला स्टोव्ह पेटताना दिसावा.

“ते मधलं,” मनवा हळूहळू म्हणाली. “दोन्ही मजले बरोब्बर एकावर एक. तेव्हा ना ही बाजू, ना ती. म्हणजे थर नुसते असून चालत नाही. एक जरासा सरकलेला असला तरच बाजू असते.”

“आणि वीज?”

“ती तेव्हाही चालू होती. तुम्ही बघितलंत की बाई. काहीच बदलत नव्हतं, पण बल्ब लागलेला होता.”

बाईंनी बघितलं होतं. त्यांनी तसं कबूलही केलं. “म्हणजे पुस्तकात लिहिलंय ते चूक, असं म्हणायचंय तुला?”

“नाही. पुस्तकात जाड धातू आहे. त्याला जिना आहे.”

जिन्याची गोष्ट मग बाईंना सांगावी लागली. ऐकून झाल्यावर त्यांनी यादीत काहीतरी लिहिलं. “चौदा नंबरचं टेबल. आणि तुझ्या आत्याचा फोन नंबर दे मला नंतर. मला सगळं पटलेलं नाही. वाचते मी.” त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. “फाटलेल्या कोपऱ्याबद्दल कोणी विचारलं तर खरं सांग.”

आकांक्षाने पवनचक्की पिशवीत घातली. जाताना ती टेबलाशी थांबली, कोणाशी न बोलता जीभ चार वेळा इकडून तिकडे केली, आणि गेली.

नलूमावशी पुडक्याच्या सुतळीची गुंडाळी करत होती. “मी निघते गं मने,” ती म्हणाली. “जाईबाईला बाजारात जायचंय, तिची किल्ली माझ्याकडे आहे. तुझं झालं ना आता.” किल्ली जाईबाईंकडेच होती. पण तिला तिथून जायचं होतं. पोरीच्या टेबलाशी आपण उभं राहू नये, कारण आपल्या हातांचा काही भरवसा नाही, असं तिला वाटत होतं. गिरगाव सोडून वीस वर्षं झाली, आणि त्यातलं आज काय उपयोगाचं आणि काय नाही, हे आपल्याला कळेनासं झालंय, असंही.

हॉलचं दार उघडलं होतं आणि माणसं आत येत होती. पहिलीच आली ती एक बाई आणि तिचा हात धरून आलेली दुसरी-तिसरीतली मुलगी. ती मुलगी सरळ चौदा नंबरच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हे काय आहे?”

मनवाने आधी शेजारच्या टेबलाखालचं स्टूल पायाने ओढून नलूमावशीच्या मागे सरकवलं. मग फिल्म दोन बोटांनी धरली, श्वास रोखला आणि ती मधोमध आणली, क्रॉसवर क्रॉस. पान गढूळ झालं. ती लहान मुलगी वाकून बघायला लागली. मनवाने नलूमावशीचं बोट धरून कागदाच्या जिभेवर ठेवलं.

“मी बोलते,” ती म्हणाली. “सरकवायचं तू.”